परिषदेहून आल्यापासून मुलगी गप्प का?

जागतिक प्रश्नांवरच्या विद्यार्थी परिषदेहून मूल परतलं की काही आठवड्यांनी पालक माझ्याकडे दोन प्रकारच्या तक्रारी घेऊन येतात. ‘एवढं करून काहीच फरक पडला नाही’ ही एक आणि ‘नको इतका फरक पडलाय’ ही दुसरी. नववीतल्या एका मुलीची आई दुसरी तक्रार घेऊन आली होती. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

हवामान बदलावरच्या सत्रात ही मुलगी तिला नेमून दिलेल्या एका देशाची प्रतिनिधी म्हणून बोलली होती. उत्कृष्ट वक्त्याचं प्रमाणपत्रही मिळालं. पण परतल्यापासून ती घुम्यासारखी राहू लागली. रात्री उशिरापर्यंत मोबाइलवर पूर, वणवे, दुष्काळाच्या बातम्या वाचत बसायची. ‘शिकून तरी काय होणार आहे?’ असं एकदा म्हणाली आणि आई हादरली. त्यातच शाळेने परिषदेआधी आणि नंतर भरून घेतलेली प्रश्नावली घरी आली. ‘हवामान बदलाचा प्रश्न मला नीट समजतो’ या विधानापुढे आधी 5 पैकी 4 गुण, नंतर 2.

“मॅडम, होतं ते ज्ञानही गेलं की काय? पाठवून चूक केली का आम्ही?”

आधी त्या कागदाचं बघू. मी मुलीला विचारलं, “आज मागे वळून बघितलंस, तर जाण्याआधी तुला खरंच किती समजत होतं?” तिने पेन घेतलं, 4 वर काट मारली आणि शेजारी 1 लिहिला. म्हणजे ही घसरण नव्हतीच. 1 वरून 2, अशी वाढ होती. मधल्या काळात मोजायची पट्टीच बदलली होती. जॉर्ज हॉवर्ड या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1979 च्या सुमारास हेच दाखवून दिलं. आधी आपल्याला किती कमी कळत होतं ते प्रशिक्षणानंतर माणसाच्या लक्षात येतं आणि तो स्वतःला पूर्वीपेक्षा कडक गुण देतो. शाळांनी प्रश्नावलीत ‘आता मागे वळून पाहता’ असा तिसरा रकाना ठेवावा, असं मला कळकळीने वाटतं. आणि समारोपाच्या दिवशी भरून घेतलेल्या अभिप्रायावर फार विसंबू नये. तेव्हा मुलं टाळ्यांच्या आणि नव्या मैत्रीच्या भरात असतात.

मग मूळ दुखण्याकडे वळले. “नेमकं काय सलतंय तुला?”

बराच वेळ ती ओढणीच्या टोकाशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, “माझा देश कोळसा बंद करायला तयार नव्हता. मला वाटायचं, हे लोक वाईटच. तयारी करताना कळलं, तिथे किती तरी घरांत अजून वीज नाही. मी त्यांची बाजू मांडली आणि मलाच ती पटली. मग चुकतंय कोण?”

माझ्या मते परिषदेचा सर्वांत मोठा परिणाम हाच होता, आणि तो ना प्रमाणपत्रावर दिसत होता, ना प्रश्नावलीत. ज्यांना वाईट ठरवलं होतं त्यांची अडचण तिला कळली होती. त्यानंतर येणारी बेचैनी हा आजार नव्हे, आणि तिची एकटीची तर नव्हेच. 2021 मध्ये 10 देशांतल्या 16 ते 25 वयोगटातल्या 10,000 तरुणांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यात 59 टक्के तरुणांना हवामान बदलाची खूप किंवा अतिशय चिंता वाटत होती.

मी तिला एकच काम दिलं: देशांनी एकत्र येऊन खरोखर आटोक्यात आणलेला एक तरी प्रश्न शोधून आण. पुढच्या भेटीत ती ओझोनवर दोन पानं लिहून घेऊन आली. ओझोनचा थर विरळ करणारी रसायनं बंद करण्यासाठी झालेल्या 1987 च्या मॉन्ट्रियल कराराने विकसनशील देशांना 10 वर्षांची सवलत दिली होती, पुढे त्यांच्यासाठी निधीही उभा राहिला. “म्हणजे कुणाला वाईट न ठरवताही मार्ग काढता येतो,” ती म्हणाली. तिच्या प्रश्नाचं उत्तर तिनेच शोधलं होतं.

आईवडिलांना मी सांगितलं, रात्री मोबाइल तिच्या खोलीत नको. ‘तू कशाला जगाची काळजी करतेस’ हे वाक्यही नको; त्याने मूल बोलायचंच थांबतं. ‘काय शिकलीस?’ याऐवजी ‘कुणाचं ऐकून तुझं मत बदललं?’ असं विचारा. मात्र दोन आठवडे उलटूनही झोप, जेवण, शाळा बिघडलेलीच राहिली, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. आणि जगण्यात अर्थ नाही, अशी भाषा आली तर एक दिवसही थांबू नका.

तीन महिन्यांनी आई पुन्हा भेटली. मुलगी बातम्या अजूनही वाचते, पण संध्याकाळी, वडिलांबरोबर. वर्गात वाद झाला की समोरच्याचं म्हणणं आधी स्वतःच्या शब्दांत मांडते आणि मगच उत्तर देते, असं शिक्षकांनी कळवलं होतं. पुढच्या वर्षी पाठवू का, आईने विचारलं. पाठवा म्हटलं, फक्त शाळेला आधी विचारून घ्या, परतल्यानंतरच्या आठवड्यात मुलांशी बोलायला कोण बसणार आहे.