रॉशफोर 10 या बेल्जियन बिअरमध्ये धणे असतात म्हणे, पण मला फक्त गोडवा आणि अल्कोहोल लागलं. चव घेताना काय चुकलं?

बिअर फार थंड होती, बहुतेक एवढंच चुकलं. फ्रिजच्या 4-5 अंशांवर सुगंध दबलेला राहतो, म्हणून ती 12 ते 14 अंशांवर प्यायची. फ्रिजमधून अर्धा-पाऊण तास आधी काढा. त्याआधी बाटली दिवसभर उभी ठेवा, कारण तळाशी यीस्टचा गाळ असतो. रुंद तोंडाच्या पेल्यात हळू ओता आणि शेवटचं बोटभर बाटलीतच राहू द्या. गाळ मिसळला की पावासारखी, जड चव वर येते आणि धणे झाकले जातात.

चार-पाच कच्चे धणे ठेचून वाटीत जवळ ठेवा. आधी वाटी हुंगा, मग पेला. आपल्याला धणे म्हटलं की भाजलेल्या मसाल्याचा वास आठवतो, तो इथे शोधू नका. इथला वास ताज्या ठेचलेल्या धण्याचा, जरासा संत्र्याच्या सालीकडे झुकणारा, आणि तो फेस बसल्यावर पहिल्या मिनिटभरात जास्त जाणवतो. मग छोटा घोट घ्या: खजूर, मनुका, करपवलेली साखर, आणि गिळल्यावर 11.3 टक्के अल्कोहोलची ऊब.

एक मात्र लक्षात ठेवा: लवंग-मिऱ्यासारखं जे लागतं ते मसाल्याचंच असेल असं नाही. बेल्जियन यीस्ट आंबवताना स्वतःच तसा वास तयार करतं, आणि या बिअरमध्ये धणे अगदी थोडेच असतात.