वाचलेलं कुठं जातं?

(या वेळी एकच मोठं पत्र घेतलंय, कारण ते खरंच मोठं होतं, चार फुलस्केप, पाठपोट. थोडं कापलंय, कापताना जीवावर आलं. शेवटी एक छोटं पत्र आहे.)

प्रश्न : ताई, नमस्कार. मी पुण्यात एस.वाय. बी.एस्सी.ला आहे, मॅथ्स घेतलंय, गाव बार्शी तालुक्यात. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहतो, एका खोलीत चौघं. माझा प्रश्न नेमका काय आहे ते मलाच नीट माहिती नाही म्हणून डोक्यात आहे तसं लिहितो, तुम्हीच त्यातून प्रश्न शोधा.

पहिलं म्हणजे मी वाचतो भरपूर पण राहत काहीच नाही. मागच्या वर्षी वहीत यादी केली तर एकतीस पुस्तकं झाली, मला जाम भारी वाटलं. मग परवा रूममेटनं त्यातल्या एका कादंबरीवर बोट ठेवून विचारलं, यात काय होतं रे? तर मला एवढंच आठवलं की एका म्हाताऱ्याकडे सायकल होती आणि मी ते पान एस.टी.त टेंभुर्णीजवळ वाचलं होतं, बाहेर उसाच्या ट्रॉल्या उभ्या होत्या आणि अर्धा तास गाडी हलली नव्हती. ट्रॉल्या आठवतात, कादंबरी नाही. मग एकतीसचा उपयोग काय?

दुसरं. मी अप्पा बळवंत चौकातनं जुनी पुस्तकं घेतो, स्वस्त पडतात म्हणून. एका पुस्तकात आधीच्या मालकानं पेन्सिलनं समासात लिहिलं होतं, 'खोटं. असं कुणी रडत नाही.' मी ते वाचलं आणि मला पुस्तकापेक्षा तो माणूसच आवडायला लागला, मग मी पुस्तक वाचेना, त्याच्या खुणाच शोधत गेलो. पान ६०च्या पुढं एकही खूण नाही. म्हणजे त्यानं तिथं सोडलं. का सोडलं, या विचारानं मी दोन दिवस बेचैन होतो, आणि सेमिस्टर डोक्यावर होती. हे नॉर्मल आहे का?

तिसरं, मला जे काय सुचतं ते अभ्यासिकेत कधीच सुचत नाही. तिथं 'शांतता राखा'ची पाटी, एसी, चार्जिंग पॉइंट सगळं आहे, फी पण भरलीय, डोकं मात्र बंद. डबा घासताना, बसमध्ये लोंबकळताना, सकाळी बाथरूमच्या लाइनीत काय वाट्टेल ते सुचतं. उदाहरणार्थ आमच्या रूमवरचं घड्याळ दहा मिनिटं पुढं आहे. ते चौघांनाही माहितीय, चौघंही मनात दहा वजा करतात, मग ते पुढं ठेवलंय कशाला? यावर काहीतरी लिहावं असं फार वाटलं. पण लिहायला बसलो की पेनातनं 'संध्याकाळची कातरवेळ' असलं काहीतरी येतं. ताई, मी आयुष्यात कुणाशी बोलताना कातरवेळ म्हटलेलं नाही. मित्र म्हणाला ए.आय.ला सांग, तर सांगितलं, त्यानं घड्याळावरनं 'वेळेचं महत्त्व' असा निबंध दिला, सातवीतला.

तर मी वाचावं का, लिहावं का, का गप मॅथ्स करावं?
— एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : अरे, तुझ्या पत्रात कातरवेळ वाचून मी इतकी हसले की शेजारच्या टेबलावरून विचारणा झाली. आपल्याकडं लिहायला बसलं की आधी दुसऱ्याचा सदरा अंगात घालायची सवयच असते, मी पण कॉलेजात असताना माझ्या प्रत्येक निबंधात सूर्य 'अस्ताचलाकडे झुकत' असे. आमच्या गावात अस्ताचल वगैरे काही नव्हतं, सूर्य थेट साखर कारखान्याच्या चिमणीमागं जायचा, आणि ते लिहायचं मला सुचलं नाही.

आधी विसरण्याचं बघू. हर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञानं स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली मांडलं की पाठ केलेलं पहिल्या एक-दोन दिवसांतच बरंचसं उडून जातं, आणि नंतर उरलेलं हळूहळू गळतं. पण त्यानं पाठ काय केलं होतं? निरर्थक अक्षरांच्या याद्या. ज्याला काही अर्थच नाही, ज्यात ना म्हातारा, ना सायकल. तेव्हा ते आकडे तुझ्या कादंबरीला जसेच्या तसे लावू नकोस. आणि खरं सांगू का, तू ती कादंबरी पूर्ण विसरलेला नाहीस, सायकल, टेंभुर्णी आणि ट्रॉल्या हे तिघं मिळून तुझ्याकडं एक गाठोडं आहे, फक्त ते तू कुणासमोर सोडलं नाहीस.

आमच्या तालुक्याच्या गावाला सार्वजनिक वाचनालय होतं, 'ब' वर्गाचं. राज्यात १९६७ साली ग्रंथालयांचा कायदा झाला, त्याखाली अ, ब, क, ड असे वर्ग लागतात आणि त्यावर अनुदान ठरतं, आमचे ग्रंथपाल काका मात्र 'ब म्हणजे बरं' असं सांगायचे. या काकांची एक खोड होती. पुस्तक परत केलं की ते रजिस्टर लगेच उघडायचे नाहीत, चष्मा वर करून म्हणायचे, 'हं, काय झालं त्यात?' आणि दोन वाक्यं तरी सांगितल्याशिवाय पुढचं पुस्तक हातात पडायचं नाही. मागं लाइन लागलेली असली तरी. तेव्हा मला त्यांचा भयंकर राग यायचा, कित्येकदा मी मलपृष्ठावरचा मजकूर वाचून थाप मारली आणि ती त्यांना कळली. पण त्या काळात वाचलेली पुस्तकं मला आज आठवतात, आणि नंतर नोकरीच्या गावी कपाटातनं आपल्या हातानं काढून वाचलेली ढीगभर पुस्तकं नाही आठवत. माझ्या मते फरक पुस्तकांचा नव्हता, काकांचा होता. तुझ्या एकतीसमध्ये काका कुठं आहेत?

आता अभ्यासिका. तू मॅथ्सवाला आहेस म्हणून तुला पॉँकारेची गोष्ट सांगते, कदाचित सरांनी सांगितलीही असेल. आंरी पॉँकारे हा फ्रेंच गणिती फुक्सियन फंक्शन्स नावाच्या एका प्रकारच्या फलनांच्या मागं लागला होता. पंधरा दिवस रोज टेबलाशी बसून घाम गाळला, एका रात्री काळी कॉफी प्यायला, झोप उडाली आणि थोडं जमलं. मग तो काँ गावाहून एका भूगर्भशास्त्राच्या सहलीवर निघाला आणि कुतांसला बसच्या पायरीवर पाय ठेवला त्या क्षणी, गणिताचा काही विचार चालू नसताना, पुढचं सगळं एकदम लख्ख दिसलं. घोड्यांची बस होती ती, तुझ्यासारखं लोंबकळावं लागत नसणार. मला यातली आवडती गोष्ट पुढची आहे. तो ओरडला नाही, कागद मागितला नाही, बसमध्ये ज्या गप्पा चालू होत्या त्या त्यानं तशाच पुढं चालू ठेवल्या आणि पडताळा घरी गेल्यावर घेतला. हे त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय. तर अभ्यासिकेला एवढी नावं ठेवू नकोस, बसमध्ये जे उगवतं त्याची पेरणी बहुतेक तिथंच, त्या एसीत, कंटाळत झालेली असते. पंधरा दिवस आधी बसला नसता तर पायरीवर त्याला फक्त पायरी दिसली असती.

आणि डबा घासताना सुचतं याचं तर आपल्याकडं कुणाला नवल वाटायलाच नको. जात्यावरच्या ओव्या घे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, आणि त्या रचणाऱ्या बाया काही टेबल-खुर्चीवर बसलेल्या नव्हत्या, पहाटे उठून दळत होत्या. हात गुंतलेले आणि तोंड मोकळं. पण अजून एक बघ, जातं पुष्कळदा दोघी मिळून ओढायच्या. एकीनं म्हटलं की समोरची ऐकायची, कधी पुढची ओळ जोडायची, आणि ती सासरी गेली की ओवी तिच्याबरोबर दुसऱ्या गावात. समोर कुणी नसतं तर त्या लाखातल्या कितीतरी पिठाबरोबरच डब्यात गेल्या असत्या. बहिणाबाईंचं तरी काय? त्यांना लिहिता येत नव्हतं, शेतात आणि घरकामात त्या गाणी रचायच्या, ती टिपून घ्यायला मुलगा सोपानदेव आणि नात्यातला एकजण होता, त्या गेल्यावर आचार्य अत्र्यांनी आग्रह धरला आणि १९५२ साली पुस्तक निघालं. आपण नेहमी रचणाऱ्याचंच कौतुक करतो (करायलाच पाहिजे), पण ऐकणाऱ्याकडं कुणी बघत नाही.

म्हणून तो पेन्सिलवाला तुला आवडला ना, त्यात काही अॅबनॉर्मल नाही. तो तुझा जात्यापलीकडचा माणूस होता, पान ६०पर्यंत. पुढं त्यानं का सोडलं? परीक्षा आली असेल, पेन्सिल हरवली असेल, किंवा त्याला पुस्तक इतकं आवडायला लागलं असेल की खुणा करायचं भानच राहिलं नाही. ही तिसरी शक्यता तुला सुचली होती का? पान ६१पासून पुन्हा वाचून बघ, सेमिस्टर झाल्यावर.

आता घड्याळ. विषय एक नंबर आहे, कातरवेळेच्या हाती देऊ नकोस. असं कर, काहीच 'लिहू' नकोस. आधी तिघा रूममेटना एकेकट्याला गाठून विचार, घड्याळ पुढं का आहे आणि ते कुणी केलं. प्रत्येकजण वेगळं सांगेल अशी माझी पैज आहे. एकजण म्हणेल लेक्चर चुकू नये म्हणून, दुसरा म्हणेल मी आलो तेव्हापासून असंच आहे, आणि तिसऱ्याला कदाचित ते पुढं आहे हेच माहिती नसेल, मग तो दोन वर्षं सगळीकडं दहा मिनिटं लवकर पोचतोय. ते ज्या शब्दांत सांगतील त्याच शब्दांत वहीत उतरव, तुझा बार्शीकडचा हेल असेल, त्यांचा त्यांच्याकडचा असेल, राहू दे. मग रात्री मेसवरनं येताना चालत चालत ते सगळं एकाला सांग. तो जिथं हसेल तिथं खूण कर, जिथं मोबाइल काढेल तिथं काट. ए.आय.नं निबंध दिला याचा त्याच्यावर राग धरू नकोस, त्याला तुझी खोली कुठं माहितीय. तू त्याला घड्याळ सांगितलंस, माणसं सांगितलीच नाहीस.

आणि मॅथ्स सोडू नकोस बाबा, नाहीतर तुझ्या घरनं मला पत्र येईल. वाचायचं असेल तर एकतीसची पन्नास करायच्या नादी लागू नकोस, महिन्याला एक वाच पण ते कुणाला तरी सांग, रूममेटला, मेसच्या मावशीला, दिवाळीत गावी गेल्यावर आजीला. आज्यांना गोष्ट अर्धवट सांगून चालत नाही, पुढं काय झालं म्हणून सकाळी चहाबरोबर विचारतात. घड्याळाचं काय निघालं ते मला कळव, पैज लागलीय आपली.

प्रश्न : मी बारावीत आहे. पुस्तकात पेन्सिलनं खुणा केल्या, समासात लिहिलं की आई ओरडते, म्हणते पुस्तक खराब होतं, रद्दीवाला पण घेत नाही. मी म्हणते मग पुस्तक माझं आहे कशाला? कोण बरोबर?
— एक वाचक, सांगली

उत्तर : विकत घेतलेलं असेल तर तू बरोबर, आणि रद्दीवाला वजनावर घेतो, त्याला तुझ्या खुणांचं काय! वाचनालयाचं असेल तर मात्र आई शंभर टक्के बरोबर. आमच्या त्या 'ब' वर्गाच्या वाचनालयातनं मी एकदा रहस्यकथा आणली होती, तीनशे पानी, मोठ्या हौसेनं रात्री कंदील घेऊन बसले, आणि पान ९ वर, डॉक्टर पहिल्यांदा दारातून आत येतो तिथं, कुणीतरी निळ्या शाईत बाण काढून लिहिलं होतं : 'हाच.'