लष्कराने निकाली काढलेला ट्रक लिलावात घेऊन स्वतः दुरुस्त करणं कितपत जमतं?

जमतं, पण तुम्ही ज्या तीन गोष्टींवर भाळलात त्या तिन्ही मी शेवटी बघितल्या असत्या. तुम्ही लिहिलंय की ट्रक सुरू होतो, किलोमीटर कमी आहेत आणि रंग चांगला दिसतोय. हाताशी मोटारसायकल उघडण्याइतकं ज्ञान आहे, तर बोली लावू का?

माझ्याकडे एम-३५ए२ आहे. अमेरिकी लष्कराचा, अडीच टन माल वाहणारा, तीन आसांचा, तिन्ही आसांना जोर देणारा. मीही तेव्हा कमी किलोमीटर बघूनच खूश झालो होतो. लष्करी ट्रकच्या बाबतीत कमी किलोमीटर म्हणजे तो वर्षानुवर्षं नुसता उभा होता, एवढंच. लोखंड धावून झिजतं, रबर उभ्या उभ्या मरतं. आणि ट्रक थांबवणाऱ्या बहुतेक गोष्टी रबरावर अवलंबून असतात.

हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. विकणाऱ्याने ‘ब्रेक ओके’ म्हणून सांगितलं होतं. अंगणात पुढे-मागे करताना पेडल छान लागायचं. तिसऱ्या दिवशी जरा जोरात दाबलं आणि पाय थेट तळाला गेला. एका चाकाच्या व्हील सिलिंडरमधलं, म्हणजे ऑइलच्या दाबाने ब्रेक लावणाऱ्या नळकांड्यातलं, रबर फाटलं होतं. एकच चाक ना, मग बाकीची पाच? तीही गेली. या ट्रकमध्ये पायाच्या जोराला हवेच्या दाबाची मदत मिळते, पण चाकांपर्यंत जाणारं ब्रेक ऑइल सगळं एकाच वाटेने जातं. कुठेही गळती झाली की सहाही चाकांचे ब्रेक एकदम निकामी. हॅण्डब्रेक ओढला म्हणून वाचलो. तोही चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या आसांना जोर वाटून देणाऱ्या पेटीच्या) मागे शाफ्टवरच्या ड्रमला धरतो. चालण्याच्या वेगात होतो म्हणून धरला. उतारावर सहा टनांचं धूड त्याच्या भरवशावर सोडायची माझी तरी हिंमत नाही.

मग सहाही व्हील सिलिंडर, त्यांना ऑइल ढकलणारा मास्टर सिलिंडर आणि रबरी नळ्या बदलल्या. लोखंडी पाइप बोटाने चाचपून बघितले आणि जिथे गंजाचे फोड लागले ते तुकडेही काढले. ऑइलबद्दल एक सावधगिरी: १९८०च्या दशकापासून त्या लष्कराने सिलिकोनचं ब्रेक ऑइल वापरायला घेतलं. नेहमीच्या ग्लायकॉलच्या ऑइलशी ते जुळत नाही. आत कोणतं आहे याची खात्री नसेल तर वरून भर घालू नका, सगळं रिकामं करून धुऊन काढा.

चाकं उतरवताना माझी अर्धी सकाळ गेली. पान्ह्याला लांब पाइप लावून त्यावर लटकलो, तरी नट हलेना. डाव्या बाजूच्या नटांना उलटे आटे असतात. म्हणजे मी इतका वेळ मनोभावे नट आवळत होतो. मागच्या जोडचाकांना तर नटाच्या आत नट: बाहेरचा दीड इंची, आतला चौकोनी. हबच्या बेअरिंगसाठी तीन इंची सॉकेट लागतो. मोटारसायकलच्या पेटीतलं यात काहीही कामाला येत नाही. जॅक वजनाला पुरेसा घ्या आणि घोड्या (वजन पेलणारे लोखंडी स्टँड) लावल्याशिवाय खाली शिरू नका.

टायरची नक्षी शाबूत असेल, पण बाजूवर DOT अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचा, ती टायर बनल्याची तारीख. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. तीनच आकडे असतील तर तो टायर २०००च्या आधीचा. दहा टायरांचा (पुढे दोन, मागे चार जोड्या) खर्च ट्रकच्या बोलीइतका होऊ शकतो, हे आधीच धरून चाला. आणि या चाकांना लोखंडी रिंग असते, टायर तिच्यावर अडकून बसतो. रिंग नीट न बसता हवा भरली तर ती तोफगोळ्यासारखी सुटते. माणसं मेली आहेत यात. सगळं स्वतः करायची हौस मलाही आहे, पण हे एक काम मी हवा भरताना चाक ठेवायचा लोखंडी पिंजरा असलेल्या टायरवाल्याकडेच देतो.

इंजिनाची काळजी तुम्ही वाटते त्यापेक्षा कमी करा. ७.८ लिटरचं सहा सिलिंडरी इंजिन आहे, डिझेल, रॉकेलच्या जातीचं विमानाचं इंधन, अडीअडचणीला पेट्रोलसुद्धा खाईल असं बनवलेलं. म्हणून वाट्टेल ते ओतू नका, स्वच्छ डिझेल द्या. टाकी उतरवून तळातला गाळ काढा, फिल्टर सगळे नवे टाका. वीज २४ व्होल्टची आहे, दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या. रेडिओसाठी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट चोरायचा मोह होतो. तसं केलं की एक उपाशी राहते, दुसरी जादा चार्ज होऊन मरते.

किल्ली शोधू नका, नसतेच. एक खटका, एक स्टार्टरचं बटण, बंद करायला ओढायची मूठ. रात्री दिवे लावायला तीन खिट्ट्यांचा खेळ, त्यातली एक उचलून धरल्याशिवाय दुसरी फिरतच नाही. ब्रेकच्या हवेचा दाब साधारण ६० पौंडांवर चढेपर्यंत भोंगा बोंबलत राहतो आणि तो थांबेपर्यंत निघायचं नाही. वेगाची मर्यादा ताशी ९० किलोमीटर. मी ७०च्या पुढे जात नाही.

रंग? लष्करी रंग घासताना उडणारी धूळ विषारी असू शकते. नुसता धुऊन वापरा, बरा दिसतो.

बोलीआधी दोन फोन करा. एक वाहन नोंदणी कार्यालयाला: हा ट्रक कोणत्या वर्गात नोंदवतील, तुमचा परवाना चालेल का. दुसरा विकणाऱ्याला: मालकीचे कागद ट्रकबरोबर मिळणार का, आणि कधी. मग जागा मोजा, लांबी पावणेसात मीटरच्या आसपास आहे. टीएम ९-२३२०-३६१ ही लष्कराची पुस्तिका मिळवा: शेवटी १० लिहिलेली चालकासाठी, २० लिहिलेली मेकॅनिकसाठी. माझी २०ची प्रत ग्रीसने काळी झाली आहे.

ट्रक प्रत्यक्ष बघू देत असतील तर जुने कपडे घालून विजेरी घेऊन जा आणि खाली झोपा. प्रत्येक चाकाच्या आतल्या बाजूला, ड्रमच्या कडेशी ओल किंवा काळा ओघळ आहे का बघा. तिथे बोट लावा, मग वर येऊन पेडल पूर्ण जोराने दाबून मिनिटभर धरून ठेवा. पाय हळूहळू खाली जायला लागला तर इंजिन सुरू करून दाखवायला सांगण्याआधी बोली कमी करा.