अस्तित्ववाद समजायला आधी फिनॉमिनॉलॉजी वाचावी लागते का? आणि हे सगळं इतकं निराशावादी का असतं?

आधी वाचायलाच पाहिजे असं काही नाही. अस्तित्ववाद म्हणजे थोडक्यात, माणूस आपल्या निवडींतून स्वतःला घडवतो आणि त्याची जबाबदारीही त्याचीच, असं मानणारा विचार. पण तुम्ही निराशावादी म्हणालात म्हणून लिहायला बसले.

काचबिंदूने आईची नजर जवळजवळ गेली तेव्हा माझ्या हातात बंगळुरूच्या नोकरीचं पत्र होतं. मी गेले नाही, ऐरोलीतच राहिले, इथेच नोकरी धरली. तेव्हापासून घरच्या प्रत्येक कार्यात कोणीतरी म्हणतंच, "बिचारीला दुसरा पर्यायच नव्हता", आणि सगळ्यात जास्त म्हणतो तो माझा पुण्याचा दादा. मला याचा भयंकर राग येतो. पर्याय होता की! अस्तित्ववादी फ्रेंच तत्त्वज्ञ सार्त्रच्या १९४५ च्या पॅरिसमधल्या भाषणात अगदी असाच एक विद्यार्थी आहे, मोठा भाऊ जर्मनांच्या हल्ल्यात गेलेला, आई याच्याच आधारावर जगतेय आणि याला इंग्लंडला जाऊन जर्मनांविरुद्ध लढणाऱ्या फ्री फ्रेंच फौजेत भरती व्हायचंय. सार्त्र त्याला काय कर ते सांगतच नाही, तू मोकळा आहेस, तूच ठरव म्हणतो. यात निराशा कुठे आली? मला तर ते वाचून पहिल्यांदा वाटलं की माझा निर्णय कोणीतरी माझा मानला.

फिनॉमिनॉलॉजीचं, म्हणजे अनुभव जसा येतो तसा तपासणाऱ्या तत्त्वज्ञानाचं म्हणाल, तर तिचा संस्थापक हुसर्ल याच्यापासून सुरुवात करू नका, कंटाळून सोडून द्याल. फ्रेंच तत्त्वज्ञ मर्लो-पाँतीचं आंधळ्याच्या काठीबद्दलचं तेवढं वाचा, तेही १९४५ चंच. आई पांढरी काठी घेऊन भाजी आणायला निघते, मध्येच थांबून म्हणते "इथलं झाकण हलतंय गं". गटाराचं झाकण तिला काठीच्या टोकाशी कळतं, मुठीत नाही, काठी तिच्यासाठी वस्तूच राहिलेली नाही. डॉक्टरच्या रिपोर्टमध्ये हे कुठेच येत नाही. जगताना गोष्ट जशी समोर येते तशी आधी नीट बघायची, स्पष्टीकरण नंतर, एवढं धरून चला.

निराशेचा समज बहुतेक काम्यूच्या 'आउटसायडर' या कादंबरीमुळे होतो, आणि काम्यू तर स्वतःला अस्तित्ववादी म्हणवून घ्यायलाच तयार नव्हता.

हां, पगार चालू असताना निवड करणं वेगळं आणि हातात काहीच नसताना वेगळं, हे मान्य. बायकांच्या वाट्याला मोकळीक किती येते ते फ्रेंच लेखिका-तत्त्वज्ञ सिमोन द बोव्हारने १९४९ मध्ये 'द सेकंड सेक्स'मध्ये सविस्तर मांडलंय, सार्त्रनंतर लगेच तेच घ्या. घरात कोणी "पर्यायच नव्हता" म्हणत असेल तर त्यालाही द्या. दादा, तू पुणे निवडलंस, मी आई निवडली.