कापूसचं कासूप होते

प्रश्न : पोरगा चौथीत आहे, पाढे तोंडी धडाधड म्हणते, पण वाचायला बसवलं की ‘कापूस’चं ‘कासूप’ करते, वेलांट्या तर हमखास चुकतात. सर म्हणतात आळशी आहे. काय करू ताई? (यवतमाळ जिल्हा)

उत्तर : आधी आळशी हा शब्द घरातून काढून टाका, तोंडी येते न् कागदावर अडते म्हणजे पोराची हुशारी शाबूत आहे. हुशारी असून वाचता-लिहिताना असं अडते त्याला अध्ययन अक्षमता म्हणतात, तीच असू शकते. सगळ्यात पहिले डोळे न् कान तपासून घ्या, मग जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात मानसतज्ज्ञांकडे बुद्ध्यांक आणि वाचन-लेखनाची टेस्ट मराठीतूनच करायला सांगा, इंग्रजीतून केली तर निकाल चुकतो. वय आठच्या पुढं असलं की निदान पक्कं होते. वह्या सोबत न्या, चुका खोडू नका, त्याच कामाच्या असतात. अध्ययन अक्षमता 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे, सर्टिफिकेट मिळालं तर परीक्षेत जादा वेळ, लेखनिक मिळू शकते.

तोवर घरी रोज पंधरा मिनिटं, परातीत रेती पसरून बोटानं ‘पू’ काढायला लावा, तोंडानं म्हणत म्हणत, का-पू-स टाळीवर तोडा. चुकला तर ओरडायचं नाही, थांबायचं, त्यालाच पुन्हा पाहू द्यायचं.