नांदूर मध्यमेश्वरच्या अभयारण्यात धुक्यात पहिल्यांदा पक्षी बघायला येतोयस तर
निफाडची थंडी हलक्यात घेऊ नकोस रे, जानेवारीत पहाटे पारा कधी कधी ५-६ डिग्रीवर येतो आणि पाण्याकाठचा वारा वेगळाच, कानटोपी हवीच, फक्त भडक रंगाची नको. मफलर नाकावर घेतलास तर श्वास वर येऊन दुर्बिणीच्या काचेवर वाफ धरते, म्हणून बघताना तो हनुवटीखाली घे, आणि गार पडलेली दुर्बीण मध्येच जॅकेटच्या आत घालू नकोस, तिथेही तेच होतं.
धुक्यात काहीच दिसत नाही म्हणून गाडीत जाऊन बसू नकोस, चापडगावच्या मनोऱ्यावर सगळ्यांसोबत गप्प उभा राहा, चक्रवाक बदकांचा आवाज धुक्यातूनही कळतो. बदकं एकदम उठली तर वर बघ, बऱ्याचदा मार्श हॅरियर हा शिकारी पक्षी असतो. काही दिसलं तर ओरडू नकोस, शेजारच्याला हळूच सांग.