ठणका थांबला, मग रूट कॅनल कशाला?

प्रश्न: डॉक्टर, खालची दाढ महिनाभर ठणकत होती, रात्रीची झोप नाही, आता आपोआप थांबलंय तरी आमचे डेंटिस्ट रूट कॅनलच करा म्हणतात. खरंच गरज आहे का?

उत्तर: हो, आणि लवकर करा. दुखायचं थांबलं म्हणजे दाढ बरी झाली असं नाही हो, बऱ्याचदा आतली नस मेलेली असते म्हणून ठणका जातो पण इन्फेक्शन मुळाच्या टोकाशी वाढतच राहतं आणि एक दिवस गाल सुजतो. भूल देऊन ती नस काढतात, या दाढेत बहुतेक ३ कॅनल, म्हणजे मुळातल्या बारीक नळ्या, असतात, कधी ४ पण, ते साफ करून गटापर्चा हा रबरासारखा पदार्थ भरतात. नंतर दाढेवर बसवायची कॅप मात्र टाळू नका, पोकळ झालेली दाढ उभी चिरली तर काढावीच लागते.